लावलेले शोध आणि घेतलेले शोध : मुलांना विज्ञान संग्रहालय कसं दाखवावं

मराठीत ‘शोध’ला दोन क्रियापदं लागतात. शोध घेतात आणि शोध लावतात. हरवलेल्या किल्लीचा शोध घेतात. लागला तर लागतो. विज्ञानाबद्दल बोलताना मात्र पहिलं क्रियापद आपल्या तोंडी क्वचितच येतं. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, एडिसनने दिव्याचा शोध लावला. निसर्गात होतीच ती गोष्ट सापडणं आणि नव्हती ती बनवणं, दोन्हींना एकच शब्द. आणि मधली सगळी शोधाशोध गायब.

विज्ञान संग्रहालयात हेच घडतं. तिथे लावलेले शोध ओळीने मांडलेले असतात, घेतलेले शोध शोधावे लागतात. मी बरीच वर्षं आठवी-नववीच्या मुलांना घेऊन अशा ठिकाणी जातो. सुरुवातीची काही वर्षं आमची सहल म्हणजे दोन तासांत शंभर प्रयोग, शंभर बटणं, मग डबे आणि बस. परत आल्यावर मुलांना विचारलं, की पृथ्वी फिरते हे कसं कळलं, तर उत्तर यायचं, ‘सर, तिथे लिहिलं होतं.’ त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो आणि सहलीची पद्धत हळूहळू बदलली. बदललेली पद्धत इथे सविस्तर लिहितो. शिक्षकांना उपयोगी पडेल, सुट्टीत मुलांना घेऊन जाणाऱ्या आईवडिलांना पडेल, आणि शाळेतलं विज्ञान प्रदर्शन ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांना तर नक्कीच.

आधी एकट्याने जाऊन या

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र असो, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र, पणजीजवळ मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र किंवा चिंचवडचं सायन्स पार्क, सहलीच्या आठवडाभर आधी स्वतः जाऊन या. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत फलक वाचून होत नाहीत. सगळं बघायचा मोह सोडा आणि फक्त चार वस्तू निवडा:

- एक बटण दाबून चालणारा किंवा हाताने करायचा प्रयोग
- एक सावकाश घडणारी गोष्ट, म्हणजे लंबक, अंकुरणारी बी किंवा अंडी उबवायचं यंत्र
- एक सापळा, जीवाश्म किंवा जुनी वस्तू
- एक फलक ज्यावर माणसांची चित्रं आहेत

चारही फलकांचे फोटो काढा आणि घरी निवांत वाचा. प्रत्येकासमोर चार प्रश्न लिहा: हे कसं कळलं? आधी काय वाटायचं? हे कोणकोणत्या माणसांनी केलं? अजून काय कळलेलं नाही? बहुतेक फलकांवर चारपैकी एखाद्याच प्रश्नाचं उत्तर सापडेल. जी उत्तरं सापडणार नाहीत तोच तुमच्या सहलीचा अभ्यासक्रम.

सहलीच्या दिवशी मुलांना पहिला अर्धा तास मोकळं सोडा. त्यांना धावू द्या, सगळी बटणं दाबू द्या, आरशात वेडीवाकडी तोंडं करू द्या. तो अर्धा तास वाचवायला गेलात तर पुढचे दोन तास वाया जातात. त्यानंतर सहा-सहाचे गट करून एकेका वस्तूपाशी किमान पंधरा मिनिटं थांबायचं.

फलकातली क्रियापदं गोळा करा

मुलांना पेन्सिल आणि कागद द्या. काम एकच: फलकावरची क्रियापदं उतरवून घ्यायची. ‘सिद्ध केले’, ‘शोध लावला’, ‘दाखवून दिले’ एका बाजूला. ‘आढळले’, ‘मोजले’, ‘असावे’, ‘मानले जाते’, ‘अंदाज आहे’ दुसऱ्या बाजूला. दहा मिनिटांत मुलांच्या लक्षात येतं की पहिली यादी लांबलचक आहे आणि दुसरी दोन-तीन शब्दांत संपते.

इथे आपल्या भाषेतल्या एका अडचणीवरही बोलावं. ‘सिद्धांत’ या शब्दात ‘सिद्ध’ बसलेलंच आहे. त्यामुळे डाल्टनचा अणुसिद्धांत म्हटला की मुलांना वाटतं, हे कायमचं ठरून गेलं. त्या सिद्धांतात अणू अविभाज्य आहे, आणि त्याच पाठ्यपुस्तकात पुढे अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन दाखवलेले असतात. मुलं दोन्ही पाठ करतात आणि विरोध त्यांना खुपत नाही. उलट ‘उत्क्रांतीवाद’ म्हटलं की त्यातल्या ‘वाद’मुळे तो कुणाच्या तरी मताचा मामला वाटतो. खरं तर दोन्हींचं काम एक आहे: ढीगभर निरीक्षणांना एका स्पष्टीकरणात गुंफणं आणि नवं निरीक्षण त्यात बसतं का ते तपासत राहणं. एका शब्दाने जास्त खात्री वाटते, दुसऱ्याने कमी. मुलांना हे सांगितलं की ती फलक वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागतात.

बटणाचा प्रयोग बिघडवून बघा

हाताने करून बघायच्या संग्रहालयांची चाल जगभर रुळली त्यात सान फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमचा मोठा वाटा आहे. ते १९६९मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं. हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेले. पुढे राजकीय कारणांनी विद्यापीठाची नोकरी गेली, काही वर्षं त्यांनी गुरं पाळली, मग शाळेत शिकवलं आणि त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या सुतारकामाच्या आणि जोडणीच्या कार्यशाळा प्रेक्षकांना दिसतील अशा उघड्या ठेवलेल्या होत्या. प्रयोग बनताना, फसताना, पुन्हा बनताना लोक बघत. आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८मध्ये स्थापन झाली आणि वरळीचं केंद्र १९८५मध्ये सुरू झालं. हाताने करून बघायची पद्धत आपण मनापासून उचलली, उघडी कार्यशाळा मात्र सहसा पाहायला मिळत नाही.

त्यामुळे होतं असं, की तयार प्रयोग दर वेळी बरोबर येतो. बटण दाबलं की निसर्ग हवं ते उत्तर देतो. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा, तिथले बहुतेक दिवस असे नसतात.

एका केंद्रात हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू होता. त्या दिवशी झोत कमजोर झाला होता, चेंडू वर जायचा आणि एका बाजूला कलंडून पडायचा. कर्मचारी ‘बंद आहे’ची पाटी लावायला आले, मी त्यांना दहा मिनिटं थांबायची विनंती केली. एका मुलीने चेंडू ओंजळीत धरून हळूच सोडला. दुसऱ्याने खिशातला कागदाचा बोळा टाकून पाहिला, तो तरंगला. म्हणजे वजनाचा प्रश्न आहे, एकजण म्हणाला. मग हलका पण मोठा बोळा केला, तो पडला. म्हणजे नुसत्या वजनाचा नाही. कुणी तरी झोताच्या तोंडावर बोट आडवं धरलं आणि चेंडू विरुद्ध बाजूला सरकला. फलकावर एका शास्त्रज्ञाचं नाव आणि एक नियम लिहिला होता; मुलांनी शोधून काढलं ते वेगळंच होतं: हवा चेंडूला बिलगून वळते, आणि चेंडू ज्या बाजूला सरकतो तिकडून त्याला परत आत ढकलते. पंधरा मिनिटांत त्यांनी तीन कल्पना मांडल्या आणि दोन स्वतःच मोडीत काढल्या. त्या सहलीतलं सगळ्यात चांगलं विज्ञान त्या नादुरुस्त यंत्रापाशी झालं.

तेव्हापासून मी चालू प्रयोगही मुद्दाम ‘बिघडवायला’ सांगतो. यंत्राची मोडतोड करायची नाही, हे आधी ठामपणे सांगायचं. बाकी एकेक गोष्ट बदलायची: हळू दाबलं तर? उलट्या बाजूने केलं तर? दोघांनी एकदम केलं तर? प्रत्येक बदलाआधी काय होईल ते कागदावर लिहायचं. आधी लिहिणं फार महत्त्वाचं, नाही तर झाल्यावर सगळेच म्हणतात ‘मला माहीत होतं’. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मुलं कधी कधी स्वतःच शोधतात. शोधू द्यावा.

लंबकापाशी तासभर

जिथे फूकोचा लंबक असेल तिथे तो चुकवू नका. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात असा लंबक आहे (आधी विचारून जावं). लांब तारेला टांगलेला जड गोळा सावकाश झुलत असतो आणि झुलण्याची दिशा थोडी थोडी सरकत जाते. फलक म्हणतो: यावरून पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सिद्ध होते. मुलं दहा सेकंद बघतात आणि पुढे जातात, कारण दहा सेकंदांत काहीच सरकत नाही.

तुम्ही असं करा. गोळा झुलतो त्या रेषेवर, मध्यापासून साधारण एक मीटरवर, कठड्याला किंवा जमिनीला एक कागदी खूण लावा. वेळ लिहून ठेवा. जमलं तर फोन एका जागी स्थिर ठेवून दर दहा मिनिटांनी फोटो घ्या. मग बाकीचं बघायला जा आणि तासाभराने परत या. पुण्यात तासाला झुलण्याची दिशा सुमारे ४.८ अंश वळते, म्हणजे एक मीटरवरची खूण आठ-साडेआठ सेंटीमीटर मागे पडलेली असेल. वळणं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

आता खरा प्रश्न विचारा: आपण काय पाहिलं? मुलं म्हणतात, पृथ्वी फिरताना पाहिली. नाही. आपण झुलण्याची दिशा जमिनीच्या तुलनेत सरकताना पाहिली. पृथ्वी फिरते हे त्यावरून काढलेलं अनुमान आहे. निरीक्षण आणि अनुमान यांतला हा फरक मुलांना एकदा हाताला लागला की पुढची कितीतरी दारं उघडतात. मग विचारा, दिशा सरकायला दुसरं काय कारण असू शकेल? वाऱ्याचा झोत, तारेतला पीळ, सोडताना बसलेला आडवा धक्का, वरची खिळण एका बाजूला ढिली असणं. यादी मुलांनाच करू द्या. प्रत्येक कारण कसं तपासाल, तेही त्यांनाच सांगू द्या.

मग फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूको यांची गोष्ट सांगा. १८५१च्या जानेवारीत त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःच्या घराच्या तळघरात हा प्रयोग केला आणि मार्चमध्ये तिथल्याच पाँथेऑन या भव्य इमारतीच्या घुमटाला ६७ मीटरची तार बांधून २८ किलोचा गोळा लोकांसमोर झुलवला. गोळा हाताने सोडला तर आडवा धक्का बसणार. म्हणून तो दोऱ्याने बाजूला बांधून ठेवला आणि दोरा जाळला. मुलांच्या यादीतली एक शंका तिथेच कटली. असा जळका दोरा फलकांवर क्वचितच असतो, आणि माझ्या मते त्या प्रयोगातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच.

अजून एक पडताळा आहे आणि तो पुण्या-मुंबईच्या मुलांना स्वतःचा वाटतो. दिशा वळण्याचा वेग अक्षांशावर अवलंबून असतो: तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची ज्या, म्हणजे साइन. पॅरिसला एक पूर्ण फेरा सुमारे ३२ तासांत होतो. नागपूरला सुमारे ६६ तास, मुंबईला ७३, पुण्याला ७५. विषुववृत्तावर लंबक वळणारच नाही. वारा किंवा पीळ हे कारण असतं तर गावागणिक बरोबर इतकाच फरक का पडला असता? नववी-दहावीच्या मुलांना कॅल्क्युलेटर देऊन आपल्या गावचा आकडा काढायला लावा. पन्हाळ्याचा, सावंतवाडीचा, अमरावतीचा. आजोळचा आकडा काढायला मुलं फार उत्सुक असतात.

दोन गोष्टी आणखी सांगाव्यात. १८५१ साली पृथ्वी फिरते का याबद्दल शास्त्रज्ञांत वाद उरलेला नव्हता. तेव्हा ‘या प्रयोगाने सिद्ध झालं’ म्हणण्यापेक्षा, आकाशाकडे न बघता खोलीतल्या खोलीत ते पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे दिसलं, असं म्हणणं जास्त खरं. दुसरी गोष्ट, हवेच्या अडथळ्याने लंबक काही तासांत मंद होतो, म्हणून बऱ्याच संग्रहालयांत वर विद्युतचुंबक बसवून त्याला हलका रेटा देत राहतात. हे लपवू नये. उलट मुलांना विचारावं, या चुंबकामुळेच दिशा वळत नसेल कशावरून?

सापळ्यासमोर : हाड कुठलं, प्लास्टर कुठलं

डायनोसॉरपाशी प्रश्न सोपा आहे: यातलं खरं हाड किती, साचा किती आणि अंदाज किती? कातडीचा रंग कोणी ठरवला? उभं राहायची ढब कोणी ठरवली? फलकावर उत्तर नसेल तर केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना विचारा, अशा प्रश्नांनी ते खूश होतात असा माझा अनुभव आहे.

इग्वानोडॉन या डायनोसॉरची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. गिडियन मँटेल यांनी १८२५मध्ये मुख्यतः दातांवरून या प्राण्याला नाव दिलं. पुढे एक शंकूसारखं टोकदार हाड मिळालं, ते शिंग समजून नाकावर बसवलं गेलं. १८५४मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत याचे पूर्णाकृती पुतळे उभे राहिले, नाकावर शिंग असलेले, गेंड्यासारखे चार पायांवर. ते आजही तिथे आहेत. १८७८मध्ये बेल्जियममध्ये बर्निसार्टच्या कोळसा खाणीत तीसहून अधिक सांगाडे सापडले, आणि ते ‘शिंग’ म्हणजे हाताच्या अंगठ्याचं टोकदार हाड निघालं. मग ब्रुसेल्सच्या संग्रहालयात सांगाडे कांगारूसारखे मागच्या दोन पायांवर, शेपटी टेकवून उभे केले गेले. आणखी शंभर वर्षांनी कळलं की शेपटी ताठ होती आणि शरीर आडवं असायचं; कांगारूसारख्या उभ्या ढबीत बसवायचं तर शेपटीचं हाड मोडावं लागतं. ते सांगाडे आता इतके नाजूक झालेत की तसेच काचेआड ठेवले आहेत. म्हणजे त्या दालनात प्राण्याचा सांगाडा आहेच, शिवाय एकोणिसाव्या शतकातल्या एका समजुतीचाही आहे.

आपल्याकडचं उदाहरण चंद्रपूरचं आहे. डोंगरगाव इथे सापडलेल्या लांब मानेच्या डायनोसॉरला १९९७मध्ये टायटनोसॉरस कोल्बर्टी असं नाव दिलं गेलं. टायटनोसॉरस ही जात १८७७मध्ये जबलपूरच्या, मुख्यतः शेपटीच्या दोन मणक्यांवरून ठरवलेली होती. पुढे जगभरात बरेच टायटनोसॉर सापडत गेले आणि लक्षात आलं, की त्या मणक्यांची जी खूण खास समजली होती ती कितीतरी जातींत असते. २००३मध्ये टायटनोसॉरस हे नाव बाद ठरलं आणि डोंगरगावच्या प्राण्याचं नाव झालं इसिसॉरस. कोलकात्याच्या ज्या संस्थेने तो खणून काढला त्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. त्याची कवटी मिळालेली नाही. तेव्हा त्याच्या चित्रात चेहरा दिसला तर मुलांनी विचारलं पाहिजे, हा कुणाचा?

मुलांची एक शंका इथे हमखास येते: मग शास्त्रज्ञ चुकतातच, तर त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? ही शंका आली की घाई करू नका. शिंग नाकावरून अंगठ्यावर गेलं, पण ते कुणाच्या लहरीने गेलं नाही, तीस सांगाड्यांनी ते हलवलं. आणि प्राणी होता, वनस्पती खायचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी जगला, हे त्या सगळ्या बदलांत टिकून राहिलं. काय बदललं आणि काय टिकलं, अशा दोन याद्या करायला लावा. सगळंच तात्पुरतं आहे एवढंच शिकून मूल घरी गेलं तर सहल फसली.

चित्रातली माणसं मोजा

माणसांच्या फलकापाशी गेलात की आधी मोजायला सांगा. किती माणसं? किती एकेकटी? किती बायका? किती जणांच्या हातात काम दिसतं आणि किती जण नुसते बघत उभे आहेत? जगभर फलकांवर बहुधा एकटा, दाढीवाला, विचारात बुडालेला पुरुष असतो.

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममधलं एक टेबल मला इथे नेहमी आठवतं. १९३८च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ज्या उपकरणांनी युरेनियमच्या अणुकेंद्राचं विभाजन सापडलं, ती या टेबलावर मांडली आहेत. कित्येक वर्षं ते रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांचं टेबल म्हणून दाखवलं जाई. मुळात ही उपकरणं एका टेबलावर नव्हतीच, वेगवेगळ्या खोल्यांत होती. न्यूट्रॉनच्या उगमाजवळ मोजणी केली असती तर त्याच्याच किरणांनी आकडे बिघडले असते. एका खोलीत युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा, दुसरीकडे रसायनांची वेगवेगळी विभागणी, तिसरीकडे मोजणी, आणि त्यांमध्ये धावपळ करणारी माणसं. काम हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांचं होतं, आणि भौतिकशास्त्राची बाजू लीझे माइटनर यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली होती. ज्यू कुळातल्या असल्यामुळे त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना जर्मनीतून निसटावं लागलं. हानांची पत्रं त्यांना स्वीडनमध्ये मिळत होती, आणि आकड्यांचा अर्थ त्यांनी भाचा ओटो फ्रिश यांच्यासोबत लावला. नोबेल एकट्या हान यांना मिळालं. टेबलाशेजारी माइटनर यांचं नाव यायला दशकं लागली. आता फलक बदलला आहे.

मुलांना ही गोष्ट सांगून झाली की विचारा: सगळी उपकरणं एका टेबलावर मांडल्यामुळे काय काय दिसेनासं झालं? आठवीची मुलं यावर फार छान बोलतात. धावपळ दिसत नाही, सोबतची माणसं दिसत नाहीत, देश सोडून गेलेली बाई दिसत नाही.

आपल्या परंपरेच्या दालनांतही हीच सवय चालवावी. राजस्थानातल्या जावरला जुन्या काळी जस्त ऊर्ध्वपातनाने काढत, हे अभिमानाने सांगावं, आणि लगेच विचारावं की कशावरून कळलं? तिथे मातीच्या मुशी भट्टीत रचलेल्या अवस्थेत सापडल्या, म्हणून कळलं. पुराव्यासकट सांगितलेला अभिमान टिकतो.

पैशाचाही एक प्रश्न असतो, थोडक्यात उरकता येतो. दालनाच्या दाराशी प्रायोजकाचं नाव बघा आणि फलकांवर काय आलं नसेल याचा अंदाज करा. वॉशिंग्टनला १९९४मध्ये अमेरिकन लोकजीवनातल्या विज्ञानावर एक प्रदर्शन उघडलं, पैसा रसायनशास्त्रज्ञांच्या संघटनेचा होता. त्यात अणुबॉम्ब आणि डीडीटी हे कीटकनाशकही दाखवले, म्हणून काही शास्त्रज्ञ नाराज झाले. विज्ञानाचं कुठलं रूप दाखवायचं, यावर शास्त्रज्ञांतही भांडण होतं, एवढं मुलांना कळलं तरी पुरे.

चालू असलेलं विज्ञान कुठे बघायचं

२०१९च्या मेमध्ये वरळीला ‘विज्ञान समागम’ हे मोठं प्रदर्शन भरलं होतं, नंतर ते बंगळुरू, कोलकाता, दिल्लीला गेलं. सर्न (युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा), लायगो (गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळातले अतिसूक्ष्म तरंग, टिपणाऱ्या वेधशाळा) यांसारखे हजारो माणसांनी मिळून चालवायचे प्रकल्प त्यात होते. असं प्रदर्शन पुन्हा आलं तर जरूर जा, कारण एकट्या दाढीवाल्याचं चित्र तिथे आपोआप पुसलं जातं.

लायगोबद्दल मुलांना एक गोष्ट सांगावी, शिवाय लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात होणार आहे. २०१०च्या सप्टेंबरमध्ये उपकरणांत गुरुत्वीय लहरीसारखा संकेत दिसला. शेकडो जणांनी महिनोन्महिने तपासला, शोधनिबंध लिहून तयार केला. २०११च्या मार्चमध्ये सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणारा बंद लिफाफा उघडला, तेव्हा कळलं की संकेत मोजक्या माणसांनी मुद्दाम आत सोडलेला होता, आपली तपासणी किती पक्की आहे ते बघायला. अशी परीक्षा होऊ शकते हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं होतं. २०१५च्या सप्टेंबरमध्ये खरी लहर आली तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता: हे कुणी मुद्दाम सोडलंय का?

आणि खोडद विसरू नका. नारायणगावजवळच्या या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत आणि दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमाराला, विज्ञान दिनानिमित्त, ती लोकांसाठी खुली असते. तिथे शास्त्रज्ञ स्वतः भेटतात. त्यांना ‘ताऱ्यांचा शोध कसा लावता’ असं विचारू नका. ‘ताई, तुमचा मागचा आठवडा कसा गेला?’, ‘दादा, आकडा चुकीचा आहे हे तुम्हाला कसं कळतं?’ असं विचारायला मुलांना सांगा. २०२३च्या जूनमध्ये या दुर्बिणीच्या निरीक्षणांचा वाटा असलेली एक बातमी आली, अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींची. शास्त्रज्ञांनी ‘शोध लागला’ म्हटलं नाही, ‘पुरावा मिळाला’ म्हटलं. दोन्हींत काय फरक, हे तिथल्याच कुणाला तरी विचारावं.

परत आल्यावर : फलक पुन्हा लिहा

सहलीनंतर निबंध लिहायला लावू नका. प्रत्येक गटाने आपल्या चार वस्तूंपैकी एकीचा फलक नव्याने लिहायचा. अट अशी: ऐंशी शब्दांच्या आत, त्यात ‘हे कसं कळलं’ यायलाच हवं, आणि ‘अजून माहीत नाही’ असं किमान एक वाक्य हवं. ऐंशी शब्दांत बसवताना मुलांना कळतं की फलक लिहिणाऱ्याचं काम किती अवघड आहे, आणि त्याच्यावरचा राग थोडा निवळतो.

शाळेच्या प्रदर्शनातही हेच आणा. ज्वालामुखीचं मॉडेल दर वर्षी होतंच, ते होऊ द्या, पण एक टेबल मोजण्याचं ठेवा. एक मीटर दोऱ्याचा लंबक, दहा झोके, पाच मुलं, पाच घड्याळं. सुमारे वीस सेकंद यायला हवेत. कुणाचे १९.८ येतील, कुणाचे २०.४. सगळे आकडे तक्त्यावर लिहा, एकही खोडू नका. शेजारी विचारा: यातला बरोबर कुठला? पालक या टेबलापाशी रेंगाळतात, आणि मूल त्यांना समजावून सांगतं की पाचही ठेवायचे असतात, का ठेवायचे असतात. मॉडेल फसलं असेल तर तेही मांडा, शेजारी मुलांच्याच अक्षरात: काय वाटलं होतं, काय झालं, आता काय करून बघणार.

मुलांनी लिहिलेले फलक चांगले झाले तर ते त्या विज्ञान केंद्राच्या प्रमुखांना पोस्टाने पाठवा. सोबत मूळ फलकाचा फोटो, दालनाचं नाव आणि मजला लिहा, म्हणजे त्यांना शोधायला सोपं जाईल. भाषा आदराची ठेवा. पत्राच्या शेवटी शाळेचा पूर्ण पत्ता आणि इयत्ता घाला, उत्तर आलं तर ते मुलांच्या नावाने यायला हवं.